ग्वाल्हेरची मोटार आणि थांबण्याची विद्या

ग्वाल्हेरच्या फूलबागेत झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. १८५८ च्या जूनमध्ये राणीचा घोडा ओढ्याकाठी अडला आणि तेथेच घात झाला, असे लोककथा सांगते. पुढे धोका दिसला की पाय रोवावेत, ही बुद्धी घोड्याला उपजत असते. यंत्राला ती नसते. म्हणून अश्वयुग सरून मोटारयुग अवतरले, तेव्हा वेगाच्या विद्येबरोबर थांबण्याची विद्याही माणसाला नव्याने घडवावी लागली. त्या विद्येच्या इतिहासाचा एक धागा ग्वाल्हेरपर्यंत येऊन पोचतो.

महाराज माधवराव शिंदे हे यंत्रांचे मोठे षोकी होते. ग्वाल्हेरची दोन फुटी रुळांची आगगाडी त्यांच्याच हौसेतून उभी राहिली. १९०८ साली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाच्या रोल्स-रॉइस मोटारीने मुंबई-कोल्हापूर चाचणीत सहा घाट ओलांडून ६२० मैलांची मजल मारली. ती मोटार पुढे महाराजांनी विकत घेतली. गाडी घाट चढली याचे कौतुक सर्वत्र झाले. परंतु घाट जितका चढावा लागतो तितका तो उतरावाही लागतो.

त्या काळी या जातीच्या गाडीचा पायाचा ब्रेक गिअरपेटीमागच्या फिरत्या दांड्यावर बसे, तर हाताचा ब्रेक मागच्या दोन चाकांवर. पुढची चाके मोकळीच असत. वळणाऱ्या चाकांना ब्रेक लावल्यास गाडी घसरेल, अशी भीती पुष्कळांना वाटे. वस्तुतः ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो आणि पुढच्याच चाकांची रस्त्यावरील पकड वाढते. मागच्या चाकांवरच विसंबणे म्हणजे दुबळ्या खांद्यावर ओझे देणे होय.

त्यात आणखी एक अडचण होती. कारखाना केवळ चासी, म्हणजे चाके व इंजिन बसवलेला सांगाडा विकी. त्यावर हलकी बग्गी चढवायची की मुक्कामाची सोय असलेले अवजड घर, हे मालक ठरवी. वजन दुप्पट झाले तर ब्रेकला दुप्पट शक्ती जिरवावी लागते. वेग दुप्पट झाला तर चौपट. ही सारी शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, आणि तापलेला ब्रेक दगा देतो.

सुधारणा पायरीपायरीने झाल्या. १९१३ मध्ये रोल्स-रॉइसने पायाचा ब्रेकही मागच्या चाकांवर नेला. १९१९ मध्ये हिस्पानो-सुईझाने चारही चाकांना ब्रेक दिले व दाबाला यंत्राचे साहाय्य जोडले. तीच रीत परवाना घेऊन रोल्स-रॉइसने १९२४ च्या सुमारास स्वीकारली. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्गने द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक आणले. त्यामागचे तत्त्व सतराव्या शतकात पास्कलने मांडले होते. १९५३ मध्ये ल माँच्या शर्यतीत जॅग्वारने डिस्क ब्रेकचा प्रभाव सिद्ध केला.

आज जुन्या चासीवर फिरते घर उभारणाऱ्यासमोर हा इतिहास प्रश्न होऊन उभा राहतो. मूळ ब्रेक ठेवावेत की बदलावेत? प्रथम पाण्याची टाकी, सामान व माणसे यांसह भरलेल्या गाडीचे वजन काट्यावर करावे. रिकाम्या चासीचे वजन येथे कामाचे नाही. मग ड्रम, लायनर व नळ्या तपासाव्यात. सर्व्होने पायाचे श्रम वाचतात. परंतु ड्रमची उष्णता जिरवण्याची ताकद त्याने वाढत नाही. त्यासाठी मोठे ड्रम वा डिस्कच हवेत. त्यांना जुळणारा मास्टर सिलिंडर आणि पुढच्या-मागच्या चाकांतील समतोल हेही तितकेच महत्त्वाचे. एक नळी फुटली तरी दुसरी शाबूत राहावी म्हणून दोन स्वतंत्र मार्ग असावेत, आणि हाताचा ब्रेक या दोहोंपासून वेगळा असावा. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते. तापल्यावर त्या ओलीची वाफ होते व पेडल पोकळ लागते. म्हणून ते वेळच्या वेळी बदलावे. आणि उतारावर खालच्या गिअरला पर्याय नाही.

ब्रेक बदलल्याने गाडीचा अस्सलपणा जातो, असा आक्षेप घेतला जातो. संग्रहालयात उभ्या गाडीपुरता तो रास्त आहे. परंतु ज्यांनी त्या गाड्या घडवल्या, त्यांनीच १९१३ साली व पुन्हा १९२४ च्या सुमारास आपले ब्रेक बदलले. काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत, म्हणजे इतिहासही राहतो. रस्ता ओलांडणारे मूल गाडीचे वय विचारत नाही. ती वेळेवर थांबावी, एवढाच त्याचा हक्क आहे.