नोंद हरवली, शौर्य नव्हे

६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांचे सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले. ओमाहा बीचवर जर्मन तोफांचा मारा सर्वांत भीषण होता. तेथे पोहोचणाऱ्यांत ३२० वी बॅराज बलून बटालियन होती. विमानांना खाली झेपावता येऊ नये म्हणून पोलादी तारांना बांधलेले फुगे आकाशात सोडणे, हे तिचे काम. ही कृष्णवर्णीयांची पलटण होती, कारण अमेरिकन सैन्यात तेव्हा वर्णभेद नियमानेच पाळला जात असे.

वेव्हर्ली वुडसन हे या पलटणीतील वैद्यकीय सेवक. फिलाडेल्फियाचे रहिवासी, लिंकन विद्यापीठात डॉक्टरीची पूर्वतयारी करणारे विद्यार्थी. अधिकारी होण्यासाठीची परीक्षा ते उत्तीर्ण झाले होते. पण कृष्णवर्णीय अधिकाऱ्यासाठी जागा नाही, असे त्यांना सांगण्यात आले. मग ते मेडिक झाले.

किनाऱ्याजवळ येताच त्यांच्या नौकेवर आघात झाला आणि वुडसन स्वतः जखमी झाले. तरीही वाळूवर उपचारकेंद्र उभारून त्यांनी सुमारे ३० तास काम केले. गोळ्या काढल्या, जखमा बांधल्या, प्लाझ्मा दिला, एका सैनिकाचा पाय कापावा लागला तर तोही कापला. बुडणाऱ्यांना पाण्याबाहेर ओढून कृत्रिम श्वासोच्छ्वास दिला. सुमारे २०० जणांवर त्यांनी उपचार केल्याचे मानले जाते. लढणाऱ्या सैनिकाच्या हाती निदान बंदूक असते. मेडिकचे दोन्ही हात दुसऱ्याच्या जखमेवर असतात. त्याच्या धैर्याचे मोल येथे आहे.

वुडसन यांनी ज्यांचे प्राण वाचवले, ते बहुतांशी गोरे होते. त्याच काळात अमेरिकन रेडक्रॉस गोऱ्यांचे आणि काळ्यांचे रक्त वेगवेगळे साठवत असे. प्लाझ्मा साठवण्याच्या शास्त्रात मूलभूत काम करणारे डॉ. चार्ल्स ड्र्यू स्वतः कृष्णवर्णीय होते, हे येथे विसरता कामा नये. ही प्रथा १९५० पर्यंत टिकली. ज्यांच्या पूर्वजांच्या स्पर्शाने पाणी बाटत असे, त्या आपल्याला या रक्तभेदाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

वुडसन यांना ब्राँझ स्टार मिळाला. सर्वोच्च असे ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले नाही. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर कित्येक दशके, त्या युद्धातील पराक्रमासाठी एकाही कृष्णवर्णीयाला ते देण्यात आले नव्हते. १९९७ मध्ये फेरतपासणीअंती सात जणांना ते देण्यात आले; वुडसन त्यांत नव्हते. सेंट लुईस येथील अभिलेखागाराला १९७३ मध्ये लागलेल्या आगीत लक्षावधी सैनिकांचे कागद नष्ट झाले होते, आणि कागदाविना शौर्य सिद्ध होईना. २००५ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या पत्नीने मात्र पाठपुरावा सोडला नाही. अखेर २०२४ मध्ये, ८० वर्षांनंतर, त्यांना मरणोत्तर ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’ जाहीर झाला. हा सन्मान दुसऱ्या क्रमांकाचा आहे.

आपल्यापैकी अनेकांचा व्यवसायच नोंदी सांभाळण्याचा आहे. ‘नोंद सापडत नाही’ आणि ‘घटना घडली नाही’ ही दोन भिन्न विधाने आहेत, हे आपण रोज अनुभवतो. नोंद कोणी ठेवायची आणि कोणाची ठेवायची, हे सत्ता ठरवते. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा माजी सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी आपल्या लोकांच्या लष्करी सेवेचा दाखला देत अर्ज केला. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या विजयस्तंभापाशी गेले, तेव्हा त्या दगडावर पूर्वजांची नावे कोरलेली होती. नावे होती, म्हणूनच इतिहास नाकारणे कठीण झाले.

आपल्या कित्येक घरांत महार रेजिमेंटमधील, लष्करी इस्पितळातील किंवा स्ट्रेचर वाहणाऱ्या आजोबा-पणजोबांच्या आठवणी आहेत. त्यांची पेन्शनबुके, पदके, छायाचित्रे गावच्या पेटीत पडून आहेत. ती पाहणारी अखेरची पिढी आज हयात आहे. पुढच्या भारतभेटीत आपण त्या पेट्या उघडू, कागदांच्या प्रती काढू, नाव, पलटण आणि साल लिहून ठेवू. वुडसन यांच्या सन्मानाला ८० वर्षे लागली. आपल्याला आज फक्त लिहून ठेवायचे आहे.

जयभीम.