पिकअपचं ऑईल किती किलोमीटरला? एका आकड्याची शंभर वर्षांची गोष्ट



टोमॅटोचा हंगाम आला की नारायणगावच्या बाजाराबाहेर पिकअपची रांग लागते. रांगेत उभं असताना एक वाद हमखास निघतो. ऑईल किती किलोमीटरला बदलायचं? जुना ड्रायव्हर म्हणतो, पाच हजार, त्याच्या पुढं एक किलोमीटर नाही. नवी गाडी घेतलेलं पोरगं म्हणतं, पुस्तकात दहा हजार लिहिलंय, मग कशाला पैसे घालवायचे? तिसरा म्हणतो, ऑईल काळं झालं की बदलायचं, आकडा-बिकडा काही नसतो.

वाद साधा वाटतो. पण आकडा चुकला तर एका बाजूला दरवर्षी फुकटचे पैसे जातात, आणि दुसऱ्या बाजूला ऐन हंगामात इंजिन उघडायची वेळ येते. माल शेतात लाल होऊन पडलेला आणि गाडी गॅरेजला, याच्यासारखा ताप दुसरा नाही. मी काही मेकॅनिक नाही, दहावी शिकलेला शेतकरी. पण हा आकडा मुळात आला कुठून, याचा नाद लागला आणि हिवाळाभर वाचत बसलो. त्यातून एक गोष्ट कळली. या तिघांचं म्हणणं कधी ना कधी खरं होतं, फक्त वेगळ्या काळात आणि वेगळ्या गाडीसाठी.

बैलगाडीला ऑईल बदलायचं नसतं

आपल्या आजोबांच्या बैलगाडीला वंगण लागायचं. एरंडेल तेल आणि चिंध्या घालून कण्याला लावायचं, संपलं की परत लावायचं. ते काढून नवं घालायची भानगडच नव्हती, कारण लावलेलं वंगण गळून आणि झिजून जायचं.

सुरुवातीच्या मोटारींचंही असंच होतं. तेल थेंब थेंब इंजिनात पडायचं, काही जळायचं, उरलेलं रस्त्यावर सांडायचं. पहिल्या महायुद्धातल्या फिरत्या इंजिनांच्या विमानांत तर एरंडेलच वापरायचे आणि ते धुराबरोबर बाहेर फेकलं जायचं. कॅस्ट्रॉल हे नाव 1909 सालचं, एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून पडलेलं.

मग इंजिनाखाली चेंबर आलं. तेल तिथं साठवायचं आणि तेच तेच परत फिरवायचं. तेल वाचलं, पण त्यातली घाणही तिथंच राहायला लागली. ऑईल कधी बदलायचं हा प्रश्न तेव्हा जन्माला आला.

पहिली पिकअप आणि 1,200 किलोमीटर

अमेरिकेत फोर्डची मॉडेल टी मोटार 1908 ला आली. ती घेणारे बरेच जण शेतकरी होते. त्यांनी मागं लाकडी खोकं बसवून दूध, बटाटे, डुकरं वाहायला सुरुवात केली. ते बघून फोर्डनं 1925 च्या एप्रिलमध्ये कारखान्यातूनच मागं लोखंडी हौदा बसवलेली गाडी काढली. किंमत 281 डॉलर. कारखान्यात तयार झालेली फोर्डची ही पहिली पिकअप.

या गाडीचं इंजिन कसं होतं ते बघा. ऑईल पंप नाही. ऑईल फिल्टर नाही. एअर फिल्टरही नाही, म्हंजे कच्च्या रस्त्याची धूळ सरळ इंजिनात. मागचं फ्लायव्हील फिरताना तेल उडवायचं, ते एका नळीतून पुढं जायचं आणि तिथून घरंगळत परत मागं यायचं. गिअरही त्याच तेलात बुडालेले. त्या गिअरच्या पट्ट्यांना सुती कापड असायचं, त्याचे धागे सुटून तेलात मिसळायचे. तेल बघायची पट्टी नव्हती. गाडीखाली शिरून दोन छोट्या तोट्यांनी पातळी बघावी लागायची.

म्हणून फोर्डच्या पुस्तकात लिहिलेलं होतं, नव्या गाडीचं तेल चार-पाचशे मैलांवर काढा आणि नंतर दर 750 मैलांना. म्हंजे साधारण 1,200 किलोमीटर. आज आपल्याला हसू येईल, पण त्या इंजिनाला तोच आकडा बरोबर होता.

गाळणी आली, आकडा वाढला

1923 साली अर्नेस्ट स्वीटलँड नावाच्या माणसानं मोटारीसाठी ऑईल फिल्टर काढला. नाव ठेवलं प्युरोलेटर. 1924 च्या क्रायसलर मोटारीला असा फिल्टर कारखान्यातूनच बसून आला.

सुरुवातीच्या फिल्टरमधून सगळं तेल जायचं नाही, थोडं बाजूनं गाळून परत सोडायचे. ड्रिपला आपण पाणी गाळून सोडतो, पण निम्मं पाणी फिल्टरला वळसा घालून गेलं तर काय होईल? तसंच. पुढं सगळं तेल गाळणारे फिल्टर आले, आणि 1950 च्या दशकात हातानं आटे फिरवून बसवायचा डब्यासारखा फिल्टर आला. आकडा एक हजार मैलांवरून दोन हजारांकडं सरकला. तेलात फार फरक पडायच्या आधीच निव्वळ गाळणीनं हे झालं होतं.

ट्रॅक्टरनं तेलाला साबण दिला

मला सगळ्यात आवडलेला भाग हा, कारण इथं शेतीचं यंत्र येतं.

1931 साली कॅटरपिलर कंपनीनं डिझेलवर चालणारा साखळीचा ट्रॅक्टर काढला. डिझेल स्वस्त, ओढ जबरदस्त. पण थोडे तास चालला की ताकद जायची. इंजिन उघडलं की दिसायचं, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटून बसल्यात. डिझेलची काजळी आणि तापून करपलेलं तेल यांचा लेप तिथं धरायचा. पेट्रोलच्या गाडीत चांगलं चालणारं तेल इथं टिकेना.

मग कॅटरपिलर आणि कॅलिफोर्नियातली स्टँडर्ड ऑईल कंपनी यांनी मिळून 1930 च्या दशकाच्या मध्यात नवं तेल आणलं. त्यात साबणासारखा गुण असलेलं रसायन घातलं होतं. ते काजळीला पिस्टनवर बसू देत नाही, तेलातच तरंगत धरून ठेवतं. त्या तेलाचं नाव डेलो, आजही बाजारात आहे. कॅटरपिलरनं पुढं एका सिलिंडरचं इंजिन सलग शेकडो तास चालवून तेल पास का नापास ठरवायची परीक्षाच सुरू केली. आज डिझेलच्या सगळ्या ऑईलमध्ये हा साबण असतो.

आता रांगेतल्या तिसऱ्या माणसाचं उत्तर मिळालं. डिझेल गाडीचं ऑईल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, ते खराब झालं म्हणून नाही, तर काम करतंय म्हणून. धुण्याचं पाणी काळं झालं म्हंजे कपड्याचा मळ निघाला. उलट बरेच दिवस चालून डिझेलचं ऑईल सोनेरीच दिसत असेल, तर मळ आत कुठं बसतोय याची काळजी करावी. रंगावरून ऑईल बदलायचा नियम साबणाच्या आधीच्या तेलाचा आहे.

डब्यावरची अक्षरंही अशीच आली. अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेनं 1947 ला तेलाचे साधे तीन वर्ग केले. 1970 च्या सुमारास आजची पद्धत आली. एस म्हंजे पेट्रोलचं, सी म्हंजे डिझेलचं, आणि पुढचं अक्षर जितकं पुढचं तितकी परीक्षा नवी. सीएफ-4 हे 1990 च्या सुमाराचं, सीएच-4 हे 1998 चं, सीआय-4 हे 2002 चं, सीके-4 हे 2016 चं. डबा घेताना ही अक्षरं वाचा, चित्र नको.

तीन हजार मैलांचा धंदा

1980 च्या आसपास अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात दोन आकडे असायचे. साध्या वापराला 7,500 मैल. धूळ, ओझं, जवळच्या चकरा, उभ्या उभ्या इंजिन चालू असा खडतर वापर असेल तर 3,000 मैल.

त्याच काळात दहा मिनिटांत ऑईल बदलून देणाऱ्या दुकानांच्या साखळ्या तिकडं पसरल्या. त्यांना कोणता आकडा परवडणार? तीन हजार मैल किंवा तीन महिने, हे वाक्य घरोघरी पाठ झालं. दुसरीकडं 1974 ला मोबिल वन हे सिंथेटिक तेल 25,000 मैल चालतं अशी जाहिरात करून आलं होतं. एकाच देशात, एकाच वेळी, 3,000 आणि 25,000. पुढं कॅलिफोर्निया राज्य सरकारला मोहीम काढून लोकांना सांगावं लागलं, की गाडीचं पुस्तक उघडून स्वतःचा आकडा बघा, विनाकारण तेल वाया घालवू नका.

तीन हजार मैल म्हंजे 4,800 किलोमीटर. आपल्या जुन्या ड्रायव्हरच्या पाच हजारांच्या अगदी जवळ.

आपल्याकडचा पाच हजार

आपल्याकडं माल वाहणाऱ्या छोट्या गाडीला टेम्पो म्हणतात. हा शब्द जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या कंपनीचा. 1958 ला बजाज टेम्पो कंपनी झाली, तीनचाकी आली, आणि नाव सगळ्याच गाड्यांना चिकटलं. 1988 ला टाटाची 206 पिकअप आली, पुढं 207. 2005 ला टाटा एस, म्हंजे आपला छोटा हत्ती.

या जुन्या गाड्यांना पाच हजार बरोबर का होते? एक कारण तेल साधं होतं. दुसरं कारण डिझेल, ज्याकडं कुणाचं लक्ष जात नाही.

डिझेलात गंधक असतं. द्राक्षाच्या भुरीला आपण मारतो तेच गंधक. ते जळून पाण्याच्या वाफेशी मिळालं की तेजाब होतं आणि ऑईलमध्ये उतरतं. त्याला मारायला ऑईलमध्ये अल्कली घातलेली असते, आंबट जमिनीत चुना टाकतात तशी. गंधक जास्त असेल तर चुना लवकर संपतो, आणि मग तेजाब बेअरिंग खायला लागतं.

2000 साली आपल्या डिझेलात दहा लाख भागांत 2,500 भाग गंधक चालायचं. 2010 ला ते 350 झालं, 2017 ला 50, आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 चं डिझेल आलं त्यात फक्त 10. म्हंजे वीस वर्षांत अडीचशे पटीनं कमी. जुन्या ड्रायव्हरनं पाच हजार शिकला तो त्या गंधकाच्या डिझेलवर. त्याचं खोटं नव्हतं. त्याच्या खालचं डिझेल बदललं, आकडा मात्र तोंडात राहिला.

मग दहा हजार डोळे झाकून?

नाही. कारण गाडीही बदलली.

आता टर्बो आहे. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो आणि नुसत्या ऑईलच्या पापुद्र्यावर तरंगतो. धुराचा काही भाग परत इंजिनात सोडतात, त्यानं ऑईलमध्ये काजळी वाढते. ज्या बीएस-6 गाड्यांना धुराची जाळी, म्हंजे डीपीएफ आहे, तिथं जाळी जाळून साफ करताना कधी कधी जादा डिझेल सोडलं जातं आणि त्यातलं थोडं ऑईलमध्ये उतरतं. अशा गाडीत पट्टीवर ऑईलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, गॅरेज गाठा. या गाड्यांना कमी राखेचं ऑईल लागतं, नाहीतर राख जाळीत बसते आणि ती राख जाळून जात नाही. आमच्या भागात एका गॅरेजवाल्यानं बीएस-6 पिकअपमध्ये ड्रममधलं जुन्या ग्रेडचं ऑईल वरचेवर घातलं. जाळी तुंबली आणि त्या शेतकऱ्याची गाडी तोडणीच्या आठवड्यात उभी राहिली.

आणि दुसरी गोष्ट तासांची. किलोमीटर चाकं मोजतात, ऑईल तास मोजतं. ट्रॅक्टरला म्हणूनच तासाचं मीटर असतं. माझ्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात 250 तास लिहिलंय. आता पिकअपचा हिशोब करा. हायवेला ताशी 50 नं दहा हजार किलोमीटर म्हंजे 200 तास. पण शेतातून पहिल्या गिअरला निघायचं, बाजारात रांगेत चालू ठेवायची, चाकणला अडकायचं, माळशेज घाट भरून चढायचा. सरासरी ताशी 20 धरली तर तेच दहा हजार किलोमीटर 500 तासांचे होतात. मीटरवर आकडा एकच, ऑईलनं अडीच पट काम केलं. अशा गाडीला 250 तास म्हंजे किती? पाच हजार किलोमीटर!

म्हणून माझा हिशोब असा. पुस्तकातला आकडा ही वरची हद्द, त्याच्या पुढं कधीच नाही. बऱ्याच पुस्तकांत खडतर वापराचा वेगळा रकाना असतो, आपला रकाना तोच. शेत ते बाजार एवढंच काम असेल तर निम्म्यावर बदला. पुणे-मुंबईच्या लांब खेपा असतील तर पुस्तकाचा आकडा चालतो. किलोमीटर कमी झाले तरी पुस्तकात लिहिलेली मुदत झाली की बदलायचंच. ऑईलबरोबर फिल्टर नवा. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर आधी बघा. आणि अक्षरं पुस्तकात आहेत तीच डब्यावर हवीत.

काढलेलं ऑईल विहिरीकडच्या ओढ्याला किंवा बांधावर ओतू नका. त्यात काजळी आणि झिजलेला धातू असतो. कॅनमध्ये साठवा आणि जुनं ऑईल रीतसर गोळा करणाऱ्याकडं द्या.

आकडा एकट्या ऑईलचा कधीच नव्हता. इंजिन, गाळणी, डिझेल आणि काम या चौघांचा मिळून होता. शंभर वर्षांत यातलं एक बदललं की आकडा बदलत गेला. तुमच्या गाडीचा महिन्याचा किलोमीटर आणि अंदाजे तास खाली लिहा, मिळून हिशोब करू.