खाणावळ

शिवण्याची मजुरी ती शिवणावळ, दळण्याची दळणावळ, धुण्याची धुणावळ. त्याच चालीवर खाण्याचे पैसे ती खाणावळ. म्हणजे मुळात हे जागेचं नाव नव्हेच, बिलाचं नाव! दरमहा पैसे मोजून जेवायचं, त्या रकमेचं नाव पुढे जेवणाच्या जागेला चिकटलं. जेवणावळीतली ‘आवळ’ मात्र निराळी वाटते. ती पंगतीची, संस्कृत ‘आवली’तली, म्हणजे ओळ. तिथं पैसे कोण मागणार?

पाटीवर बहुधा ‘खानावळ’ असतं. ‘ण’चा ‘न’ करण्यात दवाखाना, छापखाना यांतल्या फारसी ‘खान्या’चा हात असावा, असा माझा तर्क.

मूळ अर्थ मुंबईच्या गिरणगावात लख्ख दिसे. गावाकडून एकटे आलेले कामगार एखाद्या बाईच्या घरी जेवत आणि पगार झाला की महिन्याचे पैसे चुकते करत. तोवर बाईचं वाण्याकडे उधार, व्याज सावकाराचं. या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. 1982च्या संपानं गिरण्या थंडावल्या, तशा अनेक चुलीही.

पुण्याच्या पेठांत खाणावळीची ‘मेस’ झाली. गिऱ्हाईक ‘मेंबर’ झालं, रविवारच्या गोडाला ‘फीस्ट’ म्हणू लागले. ‘खाडा’ तेवढा मराठी राहिला, आणि तो वजा करायचा की नाही, यावरचा वादही.