ओला रस्ता आणि फिरते चाक

मृगाची पहिली जोरदार सर येऊन गेली की चौकाचौकांत एक दृश्य दिसते. मोटारसायकल आडवी पडलेली, डबा एकीकडे, चप्पल दुसरीकडे आणि गुडघे चोळत उभा असलेला माणूस. जमलेल्या मंडळींचे निदान ठरलेले असते: "ब्रेक मारला म्हणून पडला." हे निदान बहुधा बरोबर असते, पण विचार केला तर ते चमत्कारिकही आहे. ब्रेक हे गाडी थांबवण्याचे साधन. ते वापरल्याने माणूस पडावा का? या प्रश्नाचा माग काढत गेलो तर आपण 1958 सालच्या इंग्लंडमध्ये पोहोचतो, आणि तेथे भेटणारी मोटारसायकल आपल्या चांगल्याच ओळखीची निघते.

आधी थोडे घर्षणाविषयी. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक ढोबळमानाने 0.8 धरता येतो. पावसात तो निम्म्यावर, म्हणजे 0.4 च्या आसपास येतो. ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर काढायचे सूत्र दहावीच्या विद्यार्थ्यालाही मांडता येईल: वेगाचा वर्ग भागिले (2 × घर्षणांक × 9.8). ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 16.7 मीटर. कोरड्या रस्त्यावर उत्तर येते सुमारे 18 मीटर, ओल्या रस्त्यावर सुमारे 35 मीटर. ओल्या रस्त्यावरही 18 मीटरांतच थांबायचे असेल, तर मुळात वेगच ताशी 42 च्या आसपास हवा.

पहिल्या पावसात तर 0.4 चीही खात्री नसते. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेले तेल, झिजलेल्या टायरांची भुकटी आणि धूळ यांचा पाण्याशी संयोग होऊन बुळबुळीत लेप तयार होतो. तासभर चांगला पाऊस झाला की तो बराचसा धुऊन जातो; म्हणून मुसळधार पावसापेक्षा भुरभुर जास्त दगा देते. गटाराची लोखंडी झाकणे, रंगवलेले पांढरे पट्टे आणि शेतातून रस्त्यावर आलेल्या ट्रॅक्टरने मागे ठेवलेला चिखल यांची गोष्ट आणखी वेगळी.

पण घर्षण कमी झाले एवढ्याने माणूस पडत नाही. थांबायला उशीर होतो, इतकेच. पडण्याचे कारण चाकात आहे. फिरत्या चाकाचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो, तो त्या क्षणी रस्त्याच्या तुलनेत जवळजवळ स्थिर असतो. ब्रेक दाबत गेलो की चाक गाडीच्या वेगापेक्षा किंचित हळू फिरू लागते, आणि हा फरक साधारण 10 ते 20 टक्के असताना टायरची पकड सर्वांत जास्त असते. त्याहून जास्त दाबले की चाक एकाएकी जाम होते आणि रबर रस्त्यावरून नुसते घासत जाते. पकड कमी होते ती होतेच, शिवाय बाजूला सरकण्याला होणारा विरोध जवळपास नाहीसा होतो. चारचाकी अशा वेळी घसरत जाते, पण उभी राहते. मोटारसायकलचा तोल मात्र पुढच्या चाकाच्या सतत चाललेल्या बारीक हालचालींवर सांभाळला जातो. ते चाक जाम झाले की तोल सावरायचे साधनच हातातून गेले. म्हणजे गाडी थांबवायची तर चाक फिरते ठेवले पाहिजे! मुरलेला चालक हे हाताने साधतो. दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. घाबरलेल्या माणसाची मूठ मात्र आवळतच जाते.

हे काम यंत्राकडून करून घेण्याची निकड प्रथम विमानांना भासली. दुसऱ्या महायुद्धानंतर विमाने अधिकाधिक वेगाने धावपट्टीवर उतरू लागली. चाके वैमानिकापासून इतकी दूर, की एखादे जाम झाले तरी त्याला कळत नसे; टायर घासून फुटला म्हणजे कळे. 1950 च्या दशकाच्या प्रारंभी डनलॉप कंपनीने यावर 'मॅक्सारेट' नावाचे उपकरण काढले. त्यात इलेक्ट्रॉनिक्सचा अंशही नव्हता. चाकाबरोबर फिरणारे एक लहान पिंप आणि त्याच्या आत एक जड गतिपालक चक्र, एवढीच मुख्य योजना. चाकाचा वेग एकदम घटला तर जडत्वामुळे आतले चक्र पूर्वीच्याच वेगाने पुढे फिरू पाहते आणि त्या फरकाने एक झडप उघडून ब्रेकवरचा दाब सुटतो. चाकाने वेग घेतला की झडप मिटते. बस एकदम थांबली की उभा प्रवासी पुढे झुकतो, हे जडत्वाचे उदाहरण आपण वर्गात नेहमी देतो. मॅक्सारेटमध्ये त्याच प्रवाशाला जणू कामाला लावले होते.

1958 मध्ये ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने हे उपकरण एका मोटारसायकलवर बसवले. ती गाडी होती रॉयल एनफिल्डची 'सुपर मीटिऑर'. बहुतेक चाचण्यांत जाम चाकापेक्षा कमी अंतरात गाडी थांबली. निसरड्या पृष्ठभागावर हा फायदा 30 टक्क्यांपर्यंत गेला. मोटारसायकलींच्या अपघातांत घसरण्याचा वाटा मोठा असल्यामुळे असे ब्रेक त्यांना फार उपयोगी पडतील, असा निष्कर्ष निघाला. परंतु कंपनीचे तांत्रिक प्रमुख टोनी विल्सन-जोन्स यांना त्यात फारसे भवितव्य दिसले नाही आणि योजना उत्पादनापर्यंत गेलीच नाही.

त्यांना दोष देणे आज सोपे आहे. मोटारसायकल हे तेव्हा मोटार न परवडणाऱ्याचे वाहन होते. विमानासाठी घडवलेले उपकरण तिच्यावर चढवायचे तर किंमत आणि गुंतागुंत दोन्ही वाढणार. तरीही चुटपुट लागते. कारण त्याच कंपनीची 'बुलेट' 1955 पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागली होती, आणि मोसमी पावसाचा हा देश तिचे खरे घर ठरणार होता.

दरम्यान ब्रेकच बदलले. 1969 च्या होंडा सीबी 750 ला पुढे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आला. कोरड्यात उत्तम, पावसात मात्र गुळगुळीत स्टेनलेस स्टीलच्या तबकडीवर पाण्याचा पापुद्रा बसे. चालक लीव्हर दाबी, क्षणभर काहीच घडत नसे, तो आणखी जोराने दाबी, तोवर पाणी पुसले जाई आणि ब्रेक एकदम पकडे. म्हणजे चाक जाम करण्याची नवीनच सोय झाली! तबकडीला भोके पाडून आणि धातूची भुकटी तापवून घट्ट केलेले पॅड वापरून पुढे हा दोष आटोक्यात आला. आज दिसणारी तबकडीवरची नक्षी शोभेची नाही, ती अशी आली.

चाक फिरते ठेवण्याची कल्पना मोटारसायकलवर परतली ती 1988 मध्ये, बीएमडब्ल्यूच्या के 100 वर. गतिपालक चक्राची जागा आता दातेरी कडे आणि संवेदकाने घेतली होती. दाते मोजून वेग कळे आणि झडपा विजेवर चालत. त्या सामग्रीचे वजन 11 किलोच्या आसपास होते. ते उतरत गेले, किंमतही उतरली. भारतात 125 घनसेंटिमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या नव्या मॉडेलांना 1 एप्रिल 2018 पासून आणि आधीपासून बाजारात असलेल्या मॉडेलांना 1 एप्रिल 2019 पासून अँटिलॉक ब्रेक, म्हणजे एबीएस, सक्तीचा झाला. सुपर मीटिऑर हे नाव रॉयल एनफिल्डने पुन्हा एका गाडीला दिले आहे. चेन्नईच्या कारखान्यातून येणाऱ्या या गाडीला दोन्ही चाकांवर एबीएस आहे. मध्ये साठ वर्षे गेली.

एबीएस घर्षण वाढवत नाही, हे मात्र विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावे. ओल्या रस्त्याचे 35 मीटर त्याने 18 होत नाहीत. गुळगुळीत झालेल्या टायरला तो नक्षी देत नाही. वळणावर टायरच्या पकडीतला मोठा हिस्सा वळण्यातच खर्च होतो, त्यामुळे ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असतानाच लावावा. ज्यांची गाडी जुनी किंवा लहान आहे, त्यांना मॅक्सारेटचे काम स्वतःच करावे लागते: दोन्ही ब्रेक, हलका प्रारंभ, मग दाब वाढवत नेणे. एक लीव्हर दाबल्यावर दोन्ही ब्रेक लावणारी जोड-व्यवस्था लहान गाड्यांवर असते. ती जोर वाटून देते, पण चाक जाम होणे थांबवत नाही. ड्रममध्ये पाणी गेले असेल तर हळू चालवत ब्रेक किंचित दाबून धरावा, म्हणजे तो उष्णतेने सुकतो.

वर्गात करण्याजोगा प्रयोग सोपा आहे. एका विटेला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून तिचे वजन करावे. ताणकाट्याने ती शहाबादी फरशीवरून ओढावी; घसरण्यापूर्वीचा सर्वांत मोठा आकडा आणि घसरत असतानाचा आकडा, दोन्ही नोंदवावेत. मग फरशी ओली करून, त्यावर चिमूटभर माती पसरून आणि शेवटी तेलाचा थेंब टाकून पुन्हा ओढावे. दर वेळी पाच वाचने घेऊन सरासरी काढावी आणि आकड्याला वजनाने भागावे. मिळालेले घर्षणांक वरच्या सूत्रात घालून मुलांनी 60 च्या वेगाचे अंतर काढावे आणि पटांगणावर दोरी टाकून ते मोजावे. धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदाचे सुमारे 17 मीटर त्या दोरीत मिळवायला विसरू नये.