वाट्याची शेळी आणि परतीची तारीख



मागच्या पावसाळ्यात गटाच्या बैठकीत एक प्रश्न आला आणि मला उत्तर देता आलं नाही. मोबाइलवर वर चढणारी रेघ दाखवत एक माणूस गावात फिरत होता. ‘हा प्रायव्हेट इक्विटी फंड आहे, मोठमोठे लोक यातच पैसे घालतात, आम्ही पाच हजारांपासून घेतो, दीड वर्षात दुप्पट,’ असं सांगत होता. गटातल्या एका मावशींनी विचारलं, “ताई, हे नक्की काय असतं गं?” मी बी.ए. झालेली, बारा गटांचे हिशोब बघणारी. म्हटलं, “बघून सांगते.” मी बघेपर्यंत मावशींनी दोन शेळ्या विकून आलेले पंधरा हजार त्याच्या हातात ठेवले होते.

तेव्हा उशिरा का होईना, जे वाचलं आणि समजलं ते सांगते. थोडं मागून यावं लागेल. हा पैसा कुठून निघाला ते कळल्याशिवाय तो माणूस खोटं कुठे बोलत होता ते कळत नाही.

आधी शब्द. कर्ज म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. इक्विटी म्हणजे मालकीतला वाटा. आपल्याकडे शेळी वाट्याने पाळायला देतात ना, तसं. शेळी माझी, चारापाणी तुझं, पिल्लं निम्मी-निम्मी. पिल्लं झाली तर दोघींचं भलं. शेळी दगावली तर माझी शेळी गेली, तुझे कष्ट गेले. मी ‘हप्ता दे’ म्हणून तुझ्या दारात बसू शकत नाही. आता शेळीच्या जागी कंपनी धरा. शेअर बाजारात न आलेल्या कंपनीत असा वाटा घेतात, म्हणून ‘प्रायव्हेट’. अनेकांचे पैसे एकत्र करून कोणी जाणता माणूस हे करतो, तो झाला फंड.

याची सुरुवात लोक साधारण १९४६ पासून मोजतात. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. अमेरिकेत बोस्टन शहरात अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट नावाची संस्था निघाली. ती चालवणारे जॉर्ज डोरियो मूळचे फ्रान्सचे, हार्वर्डमध्ये शिकवणारे प्राध्यापक आणि युद्धात सैन्याधिकारी झालेले. डोक्यात कल्पना आहे, पण बँकेकडे तारण ठेवायला काही नाही, अशांना उभं करायचं हा विचार. १९५७ साली दोन इंजिनिअर त्यांच्याकडे आले. त्यांच्या डिजिटल इक्विपमेंट या संगणकाच्या कंपनीत ७० हजार डॉलर घालून संस्थेने निम्म्याहून बराच जास्त वाटा घेतला. पुढे त्या वाट्याची किंमत ३५ कोटी डॉलरच्या वर गेली. ही गोष्ट सगळेच सांगतात. तिची दुसरी बाजू कमी सांगतात. त्या संस्थेने पंचवीसेक वर्षांत कितीतरी कंपन्यांत पैसे घातले आणि मिळालेल्या नफ्यातला जवळजवळ निम्मा या एकट्या कंपनीतून आला. म्हणजे कळपात एकच शेळी खरी दुभती निघाली. पहिल्या दिवशी ती कोणती, हे डोरियोंनाही ठाऊक नव्हतं.

डोरियोंच्या संस्थेला परतीची तारीख नव्हती. वाट बघायची तयारी होती. १९५९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात नवी पद्धत आली: भागीदारी करायची, पण ठरावीक मुदतीची, साधारण दहा वर्षांची. मुदत संपायच्या आत सगळे वाटे विकून ज्याचे पैसे त्याला परत द्यायचे. सांभाळणाऱ्याला दरसाल साधारण दोन टक्के फी आणि नफ्यातले वीस टक्के. आजही जगभर बहुतेक फंड याच वळणावर चालतात. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. शेळी वाट्याने देणारा आता म्हणतो, अमुक वर्षाच्या बाजाराला ती मी विकणार म्हणजे विकणार. मग पाळणारीवर घाई येते.

त्यानंतर आणखी एक तऱ्हा निघाली. थोडे आपले घालायचे, बाकी कर्ज काढायचं, अख्खी कंपनी विकत घ्यायची आणि ते कर्ज त्याच कंपनीच्या डोक्यावर ठेवायचं. म्हशीवर कर्ज काढून म्हैस घ्यायची आणि हप्ता तिच्या दुधातून फेडायचा, हे आपल्यालाही नवं नाही. १९८९ मध्ये केकेआर या फंडाने बिस्किटं आणि सिगारेटी करणारी आरजेआर नाबिस्को अशीच सुमारे २,५०० कोटी डॉलरना घेतली. त्यावर पुस्तकं निघाली, पण आपला रस्ता वेगळा आहे, पुढे जाऊ.

भारतात १९८८ च्या सुमारास आयसीआयसीआय आणि युनिट ट्रस्टने मिळून बंगळूरला टीडीआयसीआय सुरू केली. १९९६ साली सेबीने या धंद्यासाठी पहिले नियम केले. मग परदेशी फंड आले. वॉरबर्ग पिंकस या फंडाने १९९९ पासून भारतीच्या मोबाइल कंपनीत पैसे घातले आणि २००५ पर्यंत वाटा विकून सुमारे पाचपट नेले. तुमच्या हातातल्या फोनचे मनोरे उभे राहिले त्यात हाही पैसा होता.

आणि मग हा पैसा आपल्या सतरंजीवर येऊन बसला. तेच मला आज खास सांगायचं आहे.

नांदेड ओलांडून पुढे गेलं की तेलंगण लागतं; तेव्हा ते आंध्र प्रदेशात होतं. तिथल्या मेदक जिल्ह्यात विक्रम अकुला यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस एसकेएस ही संस्था काढली. पाच-पाच बायकांचे गट, आठवड्याला बैठक, छोटं कर्ज, छोटा हप्ता. आधी ती नफा न घेणारी संस्था होती. देणग्यांवर किती बायकांना कर्ज पुरणार, म्हणून २००५ साली तिचा कारभार कंपनीकडे गेला. २००७ मध्ये सिकोइया कॅपिटल या फंडाने त्यात वाटा घेतला. पैसा आला तशा शाखा वाढल्या. २०१० पर्यंत साठ लाखांहून अधिक बायका सभासद झाल्या. सावकाराकडे जाणाऱ्या कितीतरी जणींना दुसरं दार मिळालं, हे नाकारून चालणार नाही.

पण वाट्याला परतीची तारीख होती. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. एक शेअर ९८५ रुपयांना, एकूण सुमारे १,६५० कोटी. त्यातले निम्म्याहून अधिक शेअर जुन्या वाटेकऱ्यांनी विकायला काढलेले होते, सिकोइयाही त्यात. म्हणजे ते पैसे नव्या कर्जांसाठी आले नाहीत, निघणाऱ्यांच्या हाती गेले. यात बेकायदा काहीच नव्हतं.

तिकडे गावांत वेगळंच चाललं होतं. आंध्रात आधीच बचत गट दाट. तयार गट, बैठकीची सवय लागलेल्या बायका. एका गल्लीत चार कंपन्यांचे वसुलीवाले. एकीचा हप्ता भरायला दुसरीकडून उचल. आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. अमक्याच कंपनीमुळे हे झालं असं मी म्हणत नाही. फंडांचा पैसा त्या धंद्यातल्या अनेक कंपन्यांत होता आणि वाढ दाखवायची घाई सगळ्यांनाच होती. १५ ऑक्टोबर २०१० ला सरकारने अध्यादेश काढला: दारात जाऊन दमदाटी नाही, आठवड्याचा हप्ता नाही, महिन्याचा, व्याज मुद्दलापेक्षा जास्त नाही. वसुली कोसळली. सप्टेंबरात चौदाशेच्या वर गेलेला तो शेअर दोन वर्षांच्या आत शंभरच्या खाली आला. ऑगस्टमध्ये विकून निघालेल्यांना त्याची झळ लागली नाही. झळ लागली ती नंतर शेअर घेणाऱ्यांना आणि पुढे कोणतीच कंपनी कर्ज देईना अशा बायकांना.

त्यानंतर रिझर्व्ह बँकेने मालेगाम समिती नेमली आणि २०११ मध्ये सूक्ष्म कर्जासाठी वेगळे नियम आले. कंपनीचं नाव पुढे बदललं आणि २०१९ मध्ये ती इंडसइंड बँकेत मिळाली.

आता मावशींचं. २०१२ साली सेबीने अशा फंडांसाठी नवे नियम केले. भारतात नोंदणी झालेल्या प्रायव्हेट इक्विटी फंडात बाहेरच्या माणसाला घालावी लागणारी कमीत कमी रक्कम एक कोटी रुपये आहे. पैसे किमान तीन वर्षं अडकतात, प्रत्यक्षात सात-आठ वर्षंही, आणि परत किती येतील याची हमी कोणी देत नाही. ज्याचे बुडाले तरी चूल पेटते त्याच्यासाठीच हे ठेवलं आहे. पाच हजारांत तो फंड मिळतच नाही. ही एक ओळ मला त्या बैठकीत माहीत असती तर!

तो माणूस परत आला नाही, फोन बंद आहे. मावशींकडे छापील पावती आहे, तिच्यावर नोंदणी क्रमांक नाही. आम्ही तिघी जणी त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. २०१९ च्या अनियंत्रित ठेवींच्या कायद्याखाली आणि आपल्या राज्याच्या १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली तक्रार देता येते, हे तिथे सांगितलं. अर्ज घेतला आहे. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावरही तक्रार टाकली. सेबीकडे नोंदलेल्या फंडांची यादी तिच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. त्या माणसाने सांगितलेलं नाव आम्ही दोनदा शोधलं, सापडलं नाही.

गटाने मावशींना अंतर्गत कर्जातून एक पाट घेऊन दिली, शेकडा एक व्याजाने. कोषाध्यक्षांनी विचारलं, “कर्ज लिहू की वाटा?” मावशी म्हणाल्या, “कर्जच लिही बाई. पिल्लं माझी मला राहू देत.”