उष्णतेचा ताण (दुभत्या गाई)

हवेतील उष्मा व दमटपणा यांमुळे गाईला अंगातली उष्णता बाहेर टाकता येईनाशी होते आणि दूध घटते, ती अवस्था. गाईचे शरीरतापमान साधारण ३८.५° से. असते. कोठीपोटात चारा आंबतानाही उष्णता तयार होते. दूध जास्त तितके खाणे जास्त आणि उष्णताही जास्त. म्हणून पहिला फटका गोठ्यातल्या सर्वांत दुधाळ गाईला बसतो. होल्स्टीन फ्रिजियन २५° से.च्या पुढे अस्वस्थ होऊ लागते. जर्सी थोडी काटक, तर गीर, देवणी यांसारख्या देशी गाई ऊन बरेच सोसतात.

मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बायफ’ या संस्थेने विदेशी रक्ताची संकरित गाय महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या दारात नेली. गाय बदलली, पण अनेक ठिकाणी गोठा बुटक्या पत्र्याचाच राहिला. मे महिन्याच्या दुपारी अशा गोठ्यात गाय बसत नाही. मान ताणून, तोंड उघडे टाकून उभी राहते, लाळ गळते, रवंथ थांबते. भकाळीची हालचाल मोजावी. श्वास मिनिटाला ६० च्या वर गेले, की ताण सुरू झाला असे समजावे. गाय वैरण टाकते, त्यामुळे दुधाबरोबर फॅटही उतरते आणि संकलन केंद्रावर दर कापला जातो. माजही मुका राहतो.

उपायांत पाण्याला तोड नाही. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते आणि लिटरभर दुधामागे गाय तीन ते पाच लिटर पाणी पिते. तिला दावणीला बांधून दिवसातून दोनदाच पाणी दाखवणे म्हणजे आपल्या हाताने दूध कमी करणे होय. मुक्त संचार गोठ्यात सावलीतला हौद कायम भरलेला ठेवता येतो. छत उंच असावे, पत्र्यावर उसाचे पाचट पसरावे, वैरणीचा मोठा वाटा संध्याकाळनंतर टाकावा. कोकणासारख्या दमट हवेत नुसत्या फॉगरने (बारीक तुषार उडवणाऱ्या यंत्राने) दमटपणाच वाढतो. तेथे अंग भिजवून वर पंख्याचा वारा द्यावा लागतो.

आटवलेल्या गाईला दूध नाही म्हणून उन्हात बांधण्याची चाल मात्र सर्वांत महागात पडते. विण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत कासेतील दुधाच्या पेशी नव्याने तयार होतात. या काळात ताण बसला, तर पुढच्या वेतात दूध कमी मिळते आणि पोटातली कालवड पुढे गाय झाल्यावर तीही कमी दूध देते.