पडलेला पाऊस कोणाचा?

जुलै कोरडा जाऊ लागला, की सोलापूर, बीड, धाराशिव या पट्ट्यातून कृत्रिम पावसाची मागणी होऊ लागते. त्या मागणीमागची तळमळ खरी असते. दुबार पेरणीचे संकट समोर असताना डोक्यावरून न बरसता जाणारे ढग पाहणे कोणालाही सोसत नाही. म्हणूनच ढगांत बीजे पेरून पाऊस खरोखर वाढतो का, हा प्रश्न केवळ हवामानशास्त्रज्ञांचा राहत नाही. पुढील पाने त्याच्या उत्तरापर्यंतची वाट वाचकांसाठी सुकर करू पाहतात.

वाचकांनी आधी ढग समजून घ्यावा. १९४६ साली अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर यांनी विमानातून शुष्क बर्फ टाकून ढगात हिमकण निर्माण केले. त्याच वर्षी बर्नार्ड व्हॉनेगट यांना सिल्व्हर आयोडाइडचा तसाच गुण आढळला. ही पद्धत शून्य अंशाखालीही द्रवरूप राहिलेल्या पाण्याच्या ढगांसाठी आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील अनेक ढगांची अडचण वेगळी असते. त्यांतले थेंब असंख्य, पण फार बारीक असतात आणि ते एकमेकांवर आदळून मोठे होण्याआधीच ढग विरून जातो. अशा ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडसारख्या ओलावा शोषणाऱ्या क्षाराचे कण सोडले, तर काही थेंब लवकर वाढून इतरांना सामावून घेतील, अशी अपेक्षा असते.

ही अपेक्षा तपासणे मात्र अवघड आहे. पेरलेल्या ढगातून पाऊस पडला, तरी तो न पेरताही पडला असता का? एकच ढग पेरून आणि न पेरून पाहता येत नाही. म्हणून योग्य ढग निवडायचे, त्यांतले कोणते पेरायचे हे चिठ्ठी टाकून ठरवावे तसे दैवावर सोडायचे आणि शेवटी दोन्ही गटांची तुलना करायची, हाच भरवशाचा मार्ग ठरतो.

या मार्गावरील पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे काम अभिमान वाटावा असे आहे. १९७३ ते १९८६ या काळात बारामती परिसरात अकरा पावसाळे मिठाची पेरणी झाली. शेजारच्या दोन क्षेत्रांमध्ये राखीव पट्टा ठेवून कोणते क्षेत्र पेरायचे, हे यदृच्छेने ठरवले जाई. निष्कर्ष सुमारे २४ टक्के वाढीचा निघाला. पुढे २०१८ आणि २०१९ मध्ये ‘कायपीक्स’ प्रकल्पात सोलापूर परिसरातील २७६ ढग अभ्यासले गेले. एक विमान पेरणी करी, तर दुसरे ढगातील मोजमापे घेई. वाऱ्याच्या दिशेने पुढच्या १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के वाढ दिसली, काही ठिकाणी ती ४६ टक्क्यांपर्यंत गेली.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ही वाढ योग्य ढग असतानाची आहे. निरभ्र आकाशातून पेरणी काहीच काढू शकत नाही. शिवाय एका प्रदेशाचे उत्तर दुसरीकडे लागू पडेलच असे नाही. इस्रायलमध्ये १९६०च्या दशकातील उत्साहवर्धक निष्कर्षांनंतर अनेक वर्षे पेरणी चालली. परंतु २०१३ ते २०२० च्या नव्या चाचणीत वाढ इतकी अल्प निघाली, की ती योगायोगापासून वेगळी काढता आली नाही. तेव्हा कृत्रिम पावसाच्या यशाची बातमी तुमच्या वाचनात येईल, त्या वेळी एक प्रश्न अवश्य विचारा: न पेरलेल्या ढगांनी किती पाऊस दिला? त्याचे उत्तर बातमीत असेल, तर ती मन लावून वाचावी.